पीठ भिजवू की नको

ब्वेनोस आयरेस
४ सप्टेंबर १९७९

कोमाद्रे गुमेर्सिंदा यांस,

तुमचं पत्र पोचलं. मास्तरीणबाईंचं अक्षर सुरेख आहे, त्यांना सांगा. एकच ओळ लिहून घेतलीत तुम्ही: "कोंपाद्रे, यंदा तिसरा नोव्हेंबर, देल्फीनसाठी पीठ भिजवू की नको ते कळवा." आणि खाली अंगठा. माझी तब्येत विचारली नाहीत. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तरी मी आपणहून सांगतो. गुडघे गेले, दात अर्धे गेले, भूक मात्र अजून शाबूत आहे. चौथ्या मजल्यावर राहतो. खालच्या दुकानदाराला मी जनरल होतो आणि एका प्रांताचा गव्हर्नर होतो हे ठाऊक आहे, म्हणून तो मला मांस थोडं बरं देतो. एवढाच मान उरला आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. चौकशी चालू आहे. दोन जुन्या सहकाऱ्यांना लिहिलं आहे, तेही माझ्यासारखेच निवृत्त असले तरी त्यांच्या शब्दाला अजून वजन आहे. तोवर पीठ भिजवू नका. तुम्हीच मला एकदा बजावलं होतंत की जिवंत माणसाच्या नावाने, नोव्हेंबरात घरी येणाऱ्या मेलेल्यांचा पाव भाजणं म्हणजे त्याला वरून बोलावणं धाडणं. मग इतकी घाई कशाला?

काल बसल्या बसल्या तुमच्या देल्फीनच्या जावळाचा दिवस आठवला. तीन वर्षांचा होता. तुम्ही त्याच्या केसांच्या वीसेक शेंड्या रंगीत लोकरीने बांधून ठेवल्या होत्या, आणि पहिली शेंडी मी कापली. पोरगा रडला नाही, उलट कात्रीच मागू लागला. तुमचा कासियानो म्हणाला, "कोंपाद्रे, हा शिंपी होतोय की शिपाई?" आणि तुम्ही चुलीजवळून म्हणालात, "शिपाई नको. शिपाई एक तुम्ही आलात तेवढे पुरे." सगळे हसले होते, मीही हसलो होतो. मी एक लामा दिली होती, पांढरी, काळ्या कानांची. त्या दिवशी मी साधा लेफ्टनंट होतो आणि त्या दिवसापासून पोराचा धर्मपिता, तुम्हा नवराबायकोचा कोंपाद्रे, तुमच्या घरचा झालो.

सोबत पार्सल पाठवतो आहे. माते चहाची पत्ती, साखर, एक शाल. शाल माझ्या बायकोची आहे, पण तिने फारशी वापरली नव्हती.

तुमचा कोंपाद्रे,
इलारियो ओर्मासा


ब्वेनोस आयरेस
२६ सप्टेंबर

कोमाद्रे,

पार्सल परत आलं. दोरीसुद्धा सोडलेली नाही. पोस्टातल्या माणसाने विचारलं, पत्ता चुकला का, तर मी हो म्हणालो. पार्सलाबरोबर तुमची तीच ओळ पुन्हा आली, तोच अंगठा, आणि शेवटी दोन शब्द जास्त: "दक्षिणेला कुठे?"

मी तुम्हाला दक्षिणेला म्हणालो होतो खरा. आठवतं. सत्त्याहत्तर सालचा ऑक्टोबर होता. खाणीतला संप मोडून चार महिने झाले होते, देल्फीनला इतर दहा जणांबरोबर छावणीत नेलं त्यालाही चार महिने होत आले होते. तुम्ही आग्वा चीकाहून निघालात, दोन दिवस ट्रकवर बसून प्रांताच्या गावी आलात आणि माझ्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसलात. मांडीवर बकरीच्या चीजची टोपली. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने हाकललं, तर तुम्ही त्याला म्हणालात, "बाळा, मी कुणाला भेटायला आले नाहीय. मी कोंपाद्रेच्या दारात बसलेय, त्यांना सवड होईल तेव्हा होईल." दुसऱ्या दिवशी तो पहारेकरीच तुम्हाला गरम पाणी आणून देत होता. मी हे सगळं खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. तीन दिवस मागच्या दाराने ये-जा केली. एका प्रांताचा गव्हर्नर, तोफखान्याचा जनरल, आणि स्वयंपाकघरातून, कोंबड्यांच्या खुराड्यावरून वाट काढत जातो आहे.

तिसऱ्या दिवशी खाली आलो. तुम्ही उठून उभ्या राहिलात, टोपली पुढे केलीत आणि विचारलंत, "कोंपाद्रे, एवढंच सांगा. पीठ भिजवू की नको?" तो कुठे आहे असं नाही विचारलंत. सोडवा असंही नाही म्हणालात. मी तयारी दुसऱ्या प्रश्नांची करून ठेवली होती.

मी म्हणालो, "छे, पाव कसला करताय? पोरगा दक्षिणेला आहे, तेलाच्या कामावर लावलाय त्याला. धडधाकट आहे."

तुम्ही माझा हात धरून कपाळाला लावलात. आजवर मला खूप सलाम मिळाले. तसा हात दुसऱ्या कुणी धरला नाही.

दक्षिणेला कुठे, ते मला सांगता येत नाही. गावाचं नाव तेव्हाही माझ्यापाशी नव्हतं. मागच्या पत्रात चौकशीचं लिहिलं ते खरं नव्हतं. मी कुणालाही लिहिलेलं नाही.

इ. ओर्मासा


ब्वेनोस आयरेस
९ ऑक्टोबर

कोमाद्रे,

तुमच्याकडून काही आलं नाही, आणि यायचंही नव्हतं. प्रश्न तुमचा विचारून झाला. आता पाळी माझी.

पण आधी मला थोडं माझ्याबद्दल बोलू द्या, म्हातारा माणूस आहे, दुसरं ऐकायला कुणी नाही. मी बर्फाच्या वाऱ्यात सापडलो तेव्हा तुमच्या नवऱ्याने मला खेचरावर बांधून खाली आणलं, त्यात त्याची पायाची तीन बोटं गळाली. माझं एकही नाही. तिथून माझी चढती कमान सुरू झाली असं म्हणायचं. पठारावरचा रस्ता मी बांधला. बढत्या मिळाल्या. आणि मला एक गोष्ट कळली, जी राजधानीतल्या कुणाला कळली नव्हती: तुमच्या डोंगरात हुकूम चालत नाही, नातं चालतं. मग मी जिथे जाईन तिथे जावळं कापू लागलो. बाप्तिस्म्याला उभा राहू लागलो. कोंपाद्रेने सांगितलं की माणूस आपली मेंढरं विकून रस्त्याच्या कामावर येई. मला एकशे त्रेसष्ट धर्मपुत्र आहेत, कोमाद्रे. सगळ्यांची नावं एका वहीत लिहून ठेवली होती, नाहीतर घोळ व्हायचा. बाकीची नावं मी वहीत बघून घ्यायचो. देल्फीनचं कधी बघावं लागलं नाही.

सैन्याने सरकार ताब्यात घेतलं आणि मला गव्हर्नर केलं ते यामुळेच. ओर्मासाला तिथले लोक मानतात, असं म्हणाले. शपथविधीच्या दिवशी तुम्ही साऱ्या कोमाद्रे खाली उतरून आलात, कार्निव्हलला करता तसं माझ्या तोंडाला पीठ फासलंत, तुळशीची डहाळी कानामागे खोवलीत. माझा सहायक रुमाल घेऊन धावला तर मी त्याला थांबवलं. आणि तुम्हीच ना, सगळ्यांच्या देखत विचारलंत, "कोंपाद्रे, आता तरी आग्वा चीकाला पाणी येणार, की खुर्ची नुसती बसायला घेतलीत?" पाणी मी आणलं. तेवढं तरी माझ्या नावावर लिहा. नळाला पाणी येतं ना अजून?

मास्तरीणबाई, पुढचं वाक्य मोठ्याने वाचू नका, मनात वाचा आणि पुढे चला. मला हे एकदा कुठेतरी उतरवून ठेवायचं आहे: देल्फीनचं नाव यादीत चौथं होतं आणि यादी माझ्या टेबलावर आली होती.

आता पुन्हा मोठ्याने वाचा. कोमाद्रे, इथे वसंत सुरू झाला आहे. रस्त्याच्या कडेला जांभळी फुलं यायच्या बेतात आहेत. तुमच्याकडे अजून पहाटे पाणी गोठत असेल.

इ.


ब्वेनोस आयरेस
१८ ऑक्टोबर

गुमेर्सिंदाबाई,

पठारावरची गाडी आठवड्यातून दोनदा जाते. आज टपालात टाकलं तर हे पत्र महिना संपायच्या आत पोचेल, चार दिवस उशीर केला तर पोचणार नाही. हे चार दिवस मी मनातल्या मनात बरेच वेळा मोजले. उशीर झाला असता तर दोष गाडीला देता आला असता.

मास्तरीणबाई, आता काही गाळू नका. आणि मध्ये थांबूही नका, मी विनंती करतो. दार लावून घ्या फक्त. हे पत्र तुमच्या घरी सापडलं तर तुम्हाला त्रास होईल, वाचून झालं की चुलीत टाका.

पीठ भिजवा.

देल्फीन गेला. सत्त्याहत्तर सालच्या जुलैत, अकरा तारखेला. तुम्ही माझ्या पायऱ्यांवर येऊन बसलात त्याच्या तीन महिने आधी. मला तेव्हा ठाऊक होतं. तुम्ही माझा हात कपाळाला लावलात तेव्हा मला ठाऊक होतं.

झालं ते असं. संपातले अकरा जण छावणीत होते. छावणीचा कर्नल माझ्या ऑफिसात आला, यादी पुढे ठेवली. या लोकांना दुसऱ्या तुरुंगात हलवायचं आहे, त्यावर गव्हर्नरची सही हवी, असं म्हणाला. या हलवण्याचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. मी वाचत होतो. कर्नल वाईट माणूस नव्हता, किंवा माझ्याशी तरी वाईट नव्हता. तो म्हणाला, "जनरल, यात तुमचं कुणी असेल तर आत्ताच सांगा. एखादं नाव मी टाइप करायला विसरू शकतो." खुर्चीतून उठून तो खिडकीपाशी गेला. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

चौथं नाव देल्फीन तोलाबा.

आता का नाही बोललो, ते सांगतो. त्याने काही हलकं होणार नाही. त्याच्या पंधरा दिवस आधी मी राजधानीत मंत्र्यांकडे जेवायला होतो. टेबलावर दहा-बारा जनरल. मंत्री मला म्हणाले, "ओर्मासा, तुमच्या प्रांतात तुमचा धर्मपुत्र नाही असा एकतरी माणूस आहे का हो? उद्या पुन्हा संप झाला तर गोळी कुणावर झाडणार?" सगळे हसले. मीही हसलो. परतताना विमानात ठरवून टाकलं की यांना दाखवायचं, ओर्मासा डोंगरातल्या बायकांचा गव्हर्नर नाही. मला तेव्हा सैन्यदलाच्या एका मोठ्या जागेची आशा होती. तीन नावांमध्ये माझं नाव होतं.

कर्नल खिडकीपाशी उभा होता. मी म्हणालो, "यात माझं कुणी नाही."

त्याने वळून विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "सांगितलं ना." आणि सही केली.

बंदूक कुणी कुणावर रोखलेली नव्हती. एक नाव सांगायचं होतं, आणि समोरचा माणूस ऐकायला तयार होता. मी घाबरलो होतो असं आता मला वाटतं, पण मरणाला नाही. जेवणाच्या टेबलावरच्या हसण्याला घाबरलो होतो.

सात महिन्यांनी मला काढलंच. ती मोठी जागा दुसऱ्याला मिळाली. निरोपाला बँडसुद्धा नव्हता.

ट्रक छावणीतून निघाला, दुसऱ्या तुरुंगात पोचला नाही. त्यांना कुठे ठेवलं ते मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण कळलं असतं तर ते तुमच्यापासून लपवावं लागलं असतं, आणि लपवायला माझ्याजवळ आधीच पुष्कळ होतं. आता कर्नलही गेला, गेल्या वर्षी, काळजाच्या विकाराने. त्याच्या बायकोला मी फुलं पाठवली.

पीठ भिजवा, बाई. मला माहीत आहे की नवा जीव तीनच नोव्हेंबर घरी येतो आणि त्यानंतर त्याला कायमचा निरोप द्यायचा असतो. पहिल्या नोव्हेंबरला मी तुम्हाला पायऱ्यांवर नको म्हणालो. दुसऱ्याला पत्रातून नको म्हणालो. ही शेवटची खेप आहे, आणि ती तरी चुकू नये म्हणून लिहितो आहे. दुसरं काही करता येण्यासारखं माझ्या हातात उरलेलं नाही. माणसाचा आकार करा, उतरायला शिडी करा, कबूतर करा. त्याला कोंबडीचा तिखट रस्सा आवडायचा, मला आठवतं. हे तुम्हाला सांगणारा मी कोण, तेही समजतं.

माफी मागावी का यावर दोन दिवस घालवले. मागतो आहे. तुम्ही नाही दिलीत तर ते बरोबरच असेल, तरी मागतो आहे.

इलारियो ओर्मासा


आग्वा चीका
६ नोव्हेंबर १९७९

गव्हर्नर साहेब,

तुमचं पत्र तीस तारखेच्या गाडीने आलं. मास्तरणीने दार लावून सगळं वाचलं. काही गाळलं नाही. आधीच्या पत्रातली ती ओळही तिने तेव्हाच मोठ्याने वाचली होती. पत्र चुलीत टाकायचं म्हणाली, मी टाकू दिलं नाही. त्या अकरा जणांतल्या आणखी चौघांच्या आया आहेत गावात. त्यांनाही वाचून दाखवलं. त्या तुम्हाला ओळखतात, दोघींच्या पोरांची जावळं तुम्हीच कापलीत.

त्याच दिवशी पीठ भिजवलं. पाचही घरांचं एकत्र, भट्टी एकदाच पेटवली. माणसं केली, शिड्या केल्या. देल्फीनचं माणूस मी केलं, डाव्या भुवईवर खूण केली, ती त्याला लामाने लाथ मारली तेव्हाची. काळ्या कानांची तीच. टेबलावर काळं कापड, रस्सा, कोकाची पानं, सिगारेटी, त्याची टोपी. येणाऱ्याचं पाऊल उमटावं म्हणून उंबऱ्यात राख पसरली. एक तारखेच्या दुपारी दार उघडं ठेवून बसलो.

दोन तारखेला दुपारी टेबल उचलायचं असतं, तुम्हाला माहीत आहे. उचलण्याआधी मी राख बघितली. बोटभरही हललेली नव्हती. मेणबत्ती सरळ जळली. रश्शावर माशी बसली नाही. बाकी चार घरांतही तसंच. प्रार्थना सांगायला सिल्वेरियो म्हातारा आला होता, त्याला मी विचारलं, "असं कसं?" तो म्हणाला, "बाई, दोन वर्षं दार बंद दिसलं की जीव तिसऱ्यांदा वाट धरत नाही. त्याला वाटतं घर उठलं."

बाकीच्यांनी पाव वाटून घेतला. मीही घेतला. फडक्यात बांधून ठेवला.

तुम्ही माफी मागितलीत. ती द्यायची तर देल्फीनने द्यायची, आणि तो आला नाही. आता यायचा नाही. मला कोमाद्रे लिहू नका. पार्सल पाठवू नका. पत्रही पाठवू नका, ते मास्तरणीला वाचावं लागतं आणि तिच्या पोटात मूल आहे.

नळाला पाणी येतं. तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते.

तुम्ही इतकं सगळं लिहिलंत, सही, कर्नल, ते जेवण. मी ते सगळं ऐकलं. पण मी बसून दुसराच विचार करते. त्या दोन नोव्हेंबरांना तो आला असेल. इतक्या लांबून, कुठल्या खड्ड्यातून निघून, चालत. दारात उभा राहिला असेल. आत मी होते, चूल होती, आणि टेबलावर त्याचं काही नव्हतं. आई मला विसरली असं समजून तो परत गेला असेल, आणि मी त्या वेळी तुमच्या शब्दावर आनंदात झोपले होते.

मारलं त्यांनी. उपाशी तुम्ही परत पाठवलंत.

गुमेर्सिंदा तोलाबा
(अंगठा)